सहा हजार डेटा सेंटरना टाळं लागलं, पण बंद काय झालं?

गेले काही दिवस एक पोस्ट फिरते आहे. माझ्याकडे ती तीन ग्रुपांवरून आली, दोनदा तर वर "जरूर वाचा" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेच्या केंद्र सरकारने सहा हजारांवर डेटा सेंटर (सर्व्हर, म्हणजे इतरांना सेवा पुरवणारे सतत चालू संगणक, ठेवायच्या जागा) बंद केली आणि अब्जावधी डॉलर वाचवले. मोठ्या केंद्रात तेच काम निम्म्या विजेत होतं. सगळं एका छताखाली आलं की सुरक्षितही राहतं. इतकं सोपं असून सरकारं हे करत नाहीत, कारण प्रत्येक खात्याला आपला सर्व्हर आपल्याच दाराआड हवा असतो.

शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. बाकीच्यांशी आहे, आणि तेही विरोधक म्हणून नाही. सर्व्हरच्या खोल्या रिकाम्या करून यंत्रं मोठ्या केंद्रात हलवण्याच्या कामावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. एकत्रीकरण व्हावं असंच मला वाटतं. पण या पोस्टमधल्या हिशेबाने कोणी ते करायला निघाला, तर खोल्यांना टाळी लागतील आणि बिल तिथंच राहील.

"सहा हजार डेटा सेंटर बंद झाली"

आकडा खोटा नाही. सरकारी कारभाराची तपासणी करून अमेरिकी संसदेला अहवाल देणाऱ्या जीएओ या संस्थेने ऑगस्ट २०१८ पर्यंतची बेरीज ६,२५० अशी दिली आहे. प्रश्न आहे तो डेटा सेंटर म्हणायचं कशाला, हा.

मोहीम सुरू झाली फेब्रुवारी २०१० मध्ये, विवेक कुंद्रा तिथले मुख्य माहिती अधिकारी असताना. तेव्हा सांगितलं गेलं की १९९८ मध्ये ४३२ केंद्रं होती, २००९ पर्यंत ती अकराशेच्या वर गेली. २०१० मध्येच नीट यादी करायला घेतली तर आकडा २,०९४ निघाला. २०१४ मध्ये तो साडेनऊ हजारांच्या पुढे होता. मधल्या काळात कोणी साडेसात हजार इमारती बांधल्या नव्हत्या. आधी ५०० चौरस फुटांहून मोठी जागाच मोजत होते, मग आकाराची अट काढली. २०१६ च्या धोरणात तर ज्या खोलीत सेवा देणारा एक जरी सर्व्हर आहे ती खोली म्हणजे डेटा सेंटर, असं ठरलं. म्हणजे स्टेशनरीच्या कपाटाशेजारी, झाडूच्या बाजूला घुरघुरणारा एकुलता एक डबा हेही एक केंद्र, आणि तो उचलून नेला की एक केंद्र "बंद". २०१९ मध्ये धोरण पुन्हा फिरलं आणि अशा लहान खोल्या मोजणीतूनच वगळल्या गेल्या.

मी हे चेष्टेने सांगत नाही. लहान खोल्या मोजायला घेतल्या हे चांगलंच झालं, त्याशिवाय त्या आहेत हेच कळलं नसतं. पण व्याख्या बदलली की हजारोंनी वर-खाली होणारा आकडा बचतीचा पुरावा म्हणून कसा चालेल? त्या कपाटाजवळच्या खोलीचा एसी अख्ख्या मजल्यासाठी चालतो. डबा गेला तरी तो चालणारच.

"अब्जावधी डॉलर वाचले"

वाचले, हे मान्य. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांसाठी लक्ष्य होतं २.७ अब्ज डॉलरचं, आणि खात्यांनी झालेली आणि ठरवलेली बचत मिळून २.३६ अब्ज दाखवले. लहान रक्कम नाही. पण जीएओचा २०१४ चा अहवाल पाहिला तर दुसरी बाजू दिसते. सहा खात्यांनी, त्यातल्या काहींनी ६७ पर्यंत केंद्रं बंद करूनही, बचत नगण्य किंवा शून्य दाखवली. एक कारण असं होतं की मुळात त्या केंद्रांवर खर्च किती होत होता, तेच त्यांना नीट मांडता येत नव्हतं.

बाहेरच्याला हे अजब वाटेल, आतल्याला वाटणार नाही. विजेचं बिल इमारतीचं येतं, खोलीचं नाही. ते भरतो इमारत सांभाळणारा विभाग, सर्व्हर विकत घेतो तिसराच, आणि सर्व्हर बंद करायची विनंती जाते चौथ्याकडे. ज्याच्या हातात स्विच आहे त्याला बिल कधी दिसत नाही. २०१६ च्या धोरणात वीज मोजणारे मीटर बसवणं हे एक उद्दिष्ट म्हणून लिहावं लागलं, मोहीम सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. ज्याचं आधी माप घेतलं नाही, ते किती घटलं हे सांगायचं तरी कशावरून?

"मोठ्या केंद्रात निम्म्या विजेत काम"

इथं थोडा वेळ थांबू, कारण पोस्टमधला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात फसवा मुद्दा हाच आहे.

डेटा सेंटरची कार्यक्षमता सांगताना पीयूई नावाचा आकडा वापरतात. केंद्रात येणारी एकूण वीज भागिले त्यातली प्रत्यक्ष सर्व्हर आणि इतर संगणकीय यंत्रांना गेलेली वीज. एसी, यूपीएस (वीज गेली तर यंत्रं चालू ठेवणारी बॅटरीची सोय), दिवे यांनी काहीच खाल्लं नाही तर उत्तर १ येईल. जुन्या खोलीत ते २ किंवा त्याहून वाईट असतं. अमेरिकी धोरणाने जुन्या केंद्रांसाठी १.५ आणि नव्यांसाठी १.४ ही कमाल मर्यादा घातली होती.

आता हिशेब करा. एका जुन्या खोलीत सर्व्हर १०० किलोवॉट खातात, पीयूई २, म्हणजे एकूण २०० किलोवॉट. तेच सर्व्हर जसेच्या तसे १.४ वाल्या नव्या केंद्रात नेले की एकूण १४०. बचत तीस टक्के. चांगली आहे, पण निम्मी नाही.

दुसरा रस्ता: काहीही हलवू नका. त्याच खोलीत बसून कामाचे नसलेले सर्व्हर बंद करा आणि उरलेली कामं व्हर्च्युअलायझेशनने, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवून, थोड्या यंत्रांवर बसवा. समजा सर्व्हरची वीज १०० वरून ५० वर आली. जुना एसी तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, त्याचे पंखे आणि यूपीएसचा तोटा चालूच राहतो. म्हणून एसी-यूपीएसचा हा वरखर्च १०० वरून ५० ऐवजी ७० पर्यंतच उतरला असं धरू. एकूण झालं १२०. हे १४० पेक्षा कमी आहे, आणि एकही ट्रक न मागवता.

गंमत पुढे आहे. या खोलीचा पीयूई आता १२० भागिले ५०, म्हणजे २.४. आधी २ होता. वीज चाळीस टक्क्यांनी घटली आणि प्रगतिपुस्तकात खोली नापास! ज्याने रिकामे सर्व्हर तसेच चालू ठेवून सगळं नव्या केंद्रात नेलं, तो १.४ दाखवून शाबासकी घेतो. दोन्ही केलं, आधी बंद आणि मग स्थलांतर, तर ५० गुणिले १.४, म्हणजे ७० वर येता येतं हे उघड आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी हलवलं की नंतर बंद करायची निकड कोणालाच राहत नाही.

आणि रिकामे सर्व्हर म्हणजे काय थोडेथोडके नसतात. २०११ च्या अमेरिकी क्लाउड धोरणातच लिहिलं होतं की अनेक खाती आपल्या सर्व्हरच्या क्षमतेच्या तीस टक्केसुद्धा वापरत नाहीत. जुना सर्व्हर नुसता बसून राहिला तरी भरात असताना लागणाऱ्या विजेच्या निम्म्याच्या आसपास ओढतो. अशा यंत्राला चांगल्या एसीत नेऊन ठेवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बंद करायचं म्हणजे काय असतं तेही सांगतो. एका कार्यालयात चाळीसेक यंत्रं होती, त्यातल्या आठ-नऊंचा धनी सापडेना. यादीत नाव नाही. एकावर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी: "बंद करू नये". कोणी लिहिलं, कधी, पत्ता नाही. टेप पिवळी पडून कडा उचलल्या होत्या. अशा वेळी आमच्या धंद्यात करतात ती स्क्रीम टेस्ट: नेटवर्कची वायर काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. चिठ्ठीवाल्या यंत्रासाठी कोणीही ओरडलं नाही, महिनाभर नाही, नंतरही नाही. दुसऱ्या एका यंत्राचा मात्र फोन आला, आठ महिन्यांनी, वर्षअखेरचा हिशेब काढताना. ते वर्षातून एकदाच कामाला येत होतं. म्हणून मी आता वायर काढतो, पण यंत्र वर्षभर भंगारात देत नाही.

एक गोष्ट पोस्टच्या बाजूने सांगायलाच हवी. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०१६ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या एकूण डेटा सेंटरचा, म्हणजे सरकारी आणि खासगी मिळून, वीजवापर २००५ ते २०१० मध्ये २४ टक्क्यांनी वाढला होता, तर २०१० ते २०१४ मध्ये फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. काम भरमसाट वाढत असताना. त्यात मोठ्या केंद्रांचा वाटा निश्चित आहे. पण त्याच अहवालात सर्व्हरची संख्या फार न वाढणं आणि प्रत्येकाकडून जास्त काम करून घेणं हेही श्रेय आहे, आणि पोस्टमध्ये नेमकं तेवढंच गाळलं आहे.

"एका ठिकाणी आलं की सुरक्षित"

दक्षिण कोरियाने हा प्रयोग अमेरिकेच्या आधी केला. २००५ मध्ये डेजॉन शहरात मंत्रालयांच्या यंत्रणा एकत्र आणणारं सरकारी केंद्र उभं राहिलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथं यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारने आधी सांगितलं, ६४७ यंत्रणा बंद पडल्या. दोनेक आठवड्यांनी, देखरेखीची यंत्रणा परत सुरू झाल्यावर, आकडा ७०९ झाला. म्हणजे आपल्या एकाच छताखाली नेमकं काय काय आहे, हे त्या छताखालचं यंत्र बंद असताना सांगता येत नव्हतं.

सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची सोय त्या आगीत गेली. ८५८ टेराबाइट. बाहेर बॅकअप नव्हता. आवाका फार मोठा म्हणून घेतला नाही, असं कारण दिलं गेलं. मला हे कारण खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं. एकत्र आणल्याने जी साठवण स्वस्त झाली, तीच इतकी फुगली की तिची दुसरी प्रत परवडेना.

यावरून विखुरलेल्या खोल्या बऱ्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या बहुतेकांत आग विझवायची धड सोयही नसते, आणि बॅकअप म्हणजे टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क. पण शंभर लहान अपघातांच्या जागी एक मोठा येतो, आणि त्या मोठ्यासाठी दूरवर दुसरं तयार केंद्र लागतं. त्याचा खर्च बचतीतून वजा करायचा असतो. पोस्टमध्ये तो वजा केलेला नाही.

"नाहीतर सरळ क्लाउडवर टाका"

ही ओळ पोस्टच्या एका वाढीव आवृत्तीत आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं डेटा सेंटर. तिथं विसरलेलं यंत्र इमारतीच्या बिलात लपत नाही, तासाला पैसे लावतं, एवढा फायदा खरा. वीज मात्र आपोआप सगळी वाचत नाही, बरीचशी सरकारच्या वहीतून निघून दुसऱ्याच्या वहीत जाते.

"इतकं सोपं असून"

स्थलांतराच्या काळात जुनं आणि नवं दोन्ही चालू ठेवावं लागतं, कधी महिने, कधी वर्षं. त्या काळात बिल वाढतं. जुनी एखादी यंत्रणा ज्याने लिहिली तो निवृत्त झालेला असतो आणि ती त्याच एका यंत्रावर चालते. मग शेवटच्या दोन सर्व्हरसाठी अख्खी खोली चालू राहते.

मी रिकाम्या केलेल्या एका खोलीत काही महिन्यांनी रॅक (सर्व्हर बसवायचे सांगाडे) मोजायला परत गेलो होतो. अहवालात ती "बंद" या रकान्यात जाऊन बराच काळ लोटला होता. दार उघडलं तर अंगावर काटा आला, थंडीने. आत एकही सर्व्हर नव्हता, जमिनीवर केबल बांधायच्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते, आणि दोन्ही एसी १८ अंशांवर चालू होते. एसीच्या देखभालीचं कंत्राट वेगळं होतं, आणि त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.