वाटसरूंनी उभारलेल्या खुणा आणि त्यांची राखण

रस्त्याकडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हौसेने उभ्या केलेल्या चमत्कारिक गोष्टींना सरसकट कचरा ठरवणे मला मुळीच मान्य नाही. मात्र त्या टिकाव्यात असे वाटत असेल, तर त्यांची राखण कोणी तरी आपल्या अंगावर घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कॅनडाच्या युकॉन या केंद्रशासित प्रदेशातील वॉटसन लेक येथील पाट्यांचे वन हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९४२ साली अलास्का महामार्गाचे बांधकाम सुरू असताना कार्ल लिंडली या जखमी अमेरिकी सैनिकाला दिशादर्शक पाट्या दुरुस्त करण्याचे हलके काम देण्यात आले होते. घरच्या ओढीने त्याने तेथेच इलिनॉयमधील आपल्या डॅनव्हिल गावाची दिशा आणि अंतर सांगणारी पाटी ठोकली. पुढे प्रवासी आपापल्या गावांच्या पाट्या, वाहनांच्या नंबरप्लेट आणत गेले आणि आज तेथे ८० हजारांहून अधिक पाट्या आहेत. हे सारे केवळ उत्साहावर उभे राहिलेले नाही, कारण जागा अपुरी पडू लागली की तेथे नवे खांब रोवले जातात. एका माणसाच्या घरच्या आठवणीला अनोळखी माणसांनी इतकी वर्षे साथ द्यावी आणि गावाने त्यासाठी जागा करून द्यावी, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आइसलँडमध्ये लाउफ्स्कालावार्दा येथे जुन्या प्रथेनुसार मिरडाल्ससांडूर हे वाळवंट प्रथमच ओलांडणारा प्रवासी शुभशकुन म्हणून दगड रचतो. दगड संपू लागले तेव्हा प्रथा बंद पाडण्याऐवजी रस्ते विभागाने तेथे दगड आणून टाकले. हाच शहाणपणा मला अभिप्रेत आहे. याउलट, पायवाटेची खूण म्हणून रचलेल्या दगडांशेजारी कोणीही मनाला येईल तसे नवे ढीग रचले, तर मागून येणारा वाट चुकू शकतो, शिवाय दगड उचलल्याने खालची माती उघडी पडते. तेथे मनाई असणेच योग्य आहे.

पॅरिसच्या पाँ दे आर पुलावरील प्रेमाच्या कुलपांचेही मला समर्थन करवत नाही. २०१४ साली त्यांच्या भाराने कठड्याचा एक भाग कोसळला आणि पुढच्या वर्षी सुमारे ४५ टन वजनाची कुलपे उतरवावी लागली. प्रेमिकांच्या भावनेत खोट नव्हती, परंतु इतका भार पेलण्यासाठी ते कठडे बांधलेलेच नव्हते.

नुसती तोडफोड करूनही ही ओढ थांबत नाही. नेवाडात महामार्ग ५० वर प्रवाशांनी बुटांच्या जोड्या भिरकावून सजवलेले झाड २०१० च्या अखेरीस कोणी तरी कापून टाकले, तेव्हा जवळच्याच दुसऱ्या झाडावर बूट लटकू लागले. म्हणून अशी एखादी जागा आकार घेताना दिसली, की संबंधित यंत्रणेने लगेच बंदीचा फलक न लावता आधी भार, वाहतूक आणि निसर्गाची हानी यांचा विचार करावा, आणि धोका नसेल तर वॉटसन लेकप्रमाणे आणखी चार खांब रोवून द्यावेत.