पामीर सात दिवसांत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पामीर हायवेच्या, म्हणजे किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेपर्यंत जाणाऱ्या डोंगरी रस्त्याच्या, पहिल्या प्रवासाची आखणी कशी करावी, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, मी लोकांना उगाच घाबरवतो. ओश ते दुशान्बे सात दिवसांत सहज होतं, तुमचे मित्र तसं करून आलेत, आणि त्याला दोन आठवडे सांगणं म्हणजे तुमच्यासारख्या नऊ दिवसांची बेताची रजा असलेल्यांना घरी बसवणं. दोन, तुम्ही लडाख केलंय, आणि इथली सर्वांत उंच खिंड खारदुंग लापेक्षा बुटकी आहे. तीन, ‘शाकाहाऱ्यांनी थोडे हाल गृहीत धरावेत’ हे वाक्य तुम्हाला खोचक वाटलं.

आधी खिंडीचं बघू. आकडा तुमचा बरोबर आहे. इथली सर्वांत उंच खिंड अक-बैताल 4,655 मीटर, खारदुंग ला 5,300 च्या वर. पण खिंडीत आपण फोटो काढून, चहा पिऊन खाली उतरतो. उंचीचा त्रास ठरतो तो रात्री कुठल्या उंचीवर झोपतो त्यावर. खारदुंग ला ओलांडून तुम्ही नुब्रात आलात, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. इकडे पामीरच्या पठारावरचं मुर्गाब गाव साधारण 3,600 मीटरवर आणि काराकुल तळ्याकाठचं गाव 3,900 वर, आणि अंथरूण तिथंच पडतं. पँगाँगच्या काठी राहिला असाल तर ती तुलना जास्त जवळची.

त्यात तुम्ही निघणार ओशहून. ओश हजार मीटरच्या आसपास. तिथून सारी-ताशला मुक्काम केलात की तीन हजार ओलांडले, दुसऱ्या दिवशी 4,280 मीटरची क्यझिल-आर्त खिंड आणि संध्याकाळी काराकुल. दोन दिवसांत जवळजवळ तीन हजार मीटरची चढण, आणि डोकं धरून बसलात तर पटकन खाली उतरायला जवळपास काही नाही. हाच रस्ता दुशान्बेकडून धरा. पामीरमधलं मुख्य शहर खोरोग 2,100 च्या आसपास, तिथे दोन रात्री. मग इश्काशिम आणि पंज नदीच्या काठाने वाखान खोरं. पलीकडच्या तीरावर अफगाणिस्तान, वाटेत यामचुनचा किल्ला आणि बीबी फातिमाचे गरम पाण्याचे झरे. लांगारपर्यंत उंची हळूहळू वाढते, अंगाला सवय होते, आणि मगच वरचं पठार लागतं. मी जे जास्तीचे दिवस सांगतो, त्यातले बरेचसे या खोऱ्यात जातात आणि ते प्रवासातले सर्वांत सुंदर दिवस आहेत. त्यांना ‘वाया’ म्हणू नका हो!

आता खरा मुद्दा. लडाखमध्ये आपल्या पाठीशी काय काय उभं असतं ते आपल्याला दिसतच नाही. दरड कोसळली की बीआरओचा, म्हणजे सीमा रस्ते संघटनेचा, डोझर येतो. वाटेत लष्कराच्या छावण्या आहेत, लेहला मोठं रुग्णालय आहे, आणि फारच बिनसलं तर दिल्लीचं विमान आहे. आपल्याला वाटतं, आपण धाडस केलं. धाडस केलंतच, पण त्याखाली भक्कम जोतं होतं. पामीरमध्ये ते नाही. मुर्गाबहून खोरोग तीनशे किलोमीटरच्या वर, ओश चारशेच्या वर. गाडीचा एखादा भाग गेला तर तो या दोन गावांपैकी एकातून, कुणाच्या तरी गाडीत बसून येणार. उन्हाळ्यात बर्फ वितळून दुपारनंतर ओढे फुगतात. 2015 च्या जुलैत खोरोगजवळ बार्सेमला चिखलाचा लोंढा आला, गुंत नदी अडली, तळं तयार झालं आणि हायवे त्याखाली गेला. आणि निसर्गच कशाला? 2021 मध्ये किर्गिझ-ताजिक सीमा बंद झाली, ती 2025 च्या मार्चमध्ये करार झाल्यावर उघडू लागली. 2022 मध्ये खोरोग-रुशान भागात अशांतता होती. गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे पामीर ज्यात येतो त्या ताजिक प्रांताचा, वेगळा परवाना लागतो तो याच भागासाठी, आणि तो हातात पडल्याशिवाय पुढचं बुकिंग करू नये.

त्यामुळे माझ्या आखणीत मोकळे दिवस आधी लिहिले जातात आणि मुक्काम नंतर. सातपैकी सात दिवस बांधलेले असतील तर एका बंद रस्त्यानं परतीचं विमान चुकतं. तुमचे मित्र सात दिवसांत करून आले, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या आठवड्यात काही बिघडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जेवणाचं म्हणाल तर दुशान्बेत मजा आहे. कुरुतोब मागवा: पदर सुटलेल्या पोळीचे तुकडे, त्यावर वाळवलेल्या दह्याचं आंबट पाणी, तेल, कांदा, टोमॅटो, हिरवी पानं. एकाच लाकडी परातीतून सगळ्यांनी हाताने खायचं. पामीरमध्ये सकाळी शीर-चाय, म्हणजे दूध, लोणी आणि मीठ घातलेला चहा, त्यात पाव बुडवून. पहिला घोट घेताना तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी आपणच मागतो. मुर्गाबला मात्र झाडं नाहीत, भाजी ट्रकने येते, आणि ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, असं रशियनमध्ये सांगितलंत तर मुक्कामाच्या घरातल्या मालकीणबाई मायेनं रश्श्यातले तुकडे काढून रस्सा तुमच्यापुढे ठेवतील. ‘हाल’ म्हणालो ते हे. कोरडी डाळ नेऊ नका, त्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं, कुकरशिवाय ती शिजत नाही. मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि गरम पाण्यात भिजणारा उपमा न्या.

तुमची रजा खरंच नऊ दिवसांची असेल, तर पामीर पुढच्या वर्षी ठेवा आणि ताजिकिस्तानातलेच फान डोंगर बघा. दुशान्बेहून अंझोबच्या बोगद्यातून इस्कंदरकुल तळं, मग पंजकेंटजवळची सात तळी. झोपायची उंची बहुतेक अडीच हजारांच्या खालीच राहते, आणि पंजकेंटहून उझबेकिस्तानातलं समरकंद सत्तर किलोमीटरच्या आत आहे. तिकडून परतायचं तर उझबेकिस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, तो निघण्याआधीच करा. जुलै-ऑगस्ट धरलात तर दुशान्बेत उन्हाचा कडाका असतो, म्हणून पहिल्याच सकाळी लवकर निघून वर जा.