खारवलेली गाडी

हिवाळाभर मी गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवली आणि स्वतःला मोठा कनवाळू समजत राहिलो. बाहेर उणे बारा, आमची गाडी मात्र उबेत. शेजाऱ्यांची बिचारी रात्र रात्र बर्फ पांघरून उघड्यावर.

थंडी ओसरल्यावर मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि विचारलं, "गरम जागेत ठेवता का हो?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेने डॉक्टर सिगारेटचं पाकीट खिशात घेऊन येणाऱ्या पेशंटकडे पाहतात. गारठ्यात गंजण्याचं काम रेंगाळतं म्हणे. उबेत बर्फ वितळतो, रस्त्यावरचं मीठ घेऊन पत्र्याच्या सांध्यासांध्यांत शिरतो आणि तिथे निवांत बसतो. थोडक्यात, चार महिने मी गाडी प्रेमाने मुरत घातली होती.

रस्त्यावर मीठ का टाकतात हे मला ठाऊक होतं. खारं पाणी लवकर गोठत नाही. त्यात २३ टक्के मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत दम धरतं. पण कडाक्याच्या थंडीत साधं मीठ बर्फ वितळवायला फार वेळ घेतं, म्हणून जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड येतं. या दोघांची खोड अशी की ते हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता सुकतो, आकाश निवळतं, आपण खूश होतो, आणि गाडीचं पोट ओलं ते ओलंच. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांचं लग्न कधी ना कधी जमणारच असतं. मीठ त्यातला मध्यस्थ. मुहूर्त अलीकडे ओढून आणतो.

आणि मी दर रविवारी काय धुवत होतो? दारं. काचा. नंबर प्लेट.

यात मी एकटा नाही. कॅनडातल्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात २०२० साली पाट्या लागल्या होत्या की मूसला गाडी चाटू देऊ नका. मूस म्हणजे घोड्याच्या उंचीचं हरीण. त्याला मिठाची भारी आवड. पण तोही बाजूचे पत्रेच चाटतो. पोटाखाली जायची हौस कोणालाच नसते.

मलाही नव्हती. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हा नियम मी काटेकोर पाळतो. शहाणपणामुळे नाही, घाबरट असल्यामुळे. प्रेशर वॉशर मागून आणला, तर त्याच्यासोबत उपदेशही आला: वायरींच्या जोडांवर मारू नका, बेअरिंगवर मारू नका, सांध्यांवरच्या रबरी आवरणांवर मारू नका. मग मारायचं कुठे, हे सांगायला कोणी थांबलं नाही. शेवटी मेकॅनिकचंच ऐकलं. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला जोर लागत नाही, भरपूर पाणी आणि वेळ लागतो. हिरवळीवर फिरतं ते कारंजं गाडीखाली सरकवायचं आणि नळ सोडून द्यायचा.

मी आणखी एक सुधारणा केली. घरातून कढत पाण्याची बादली आणली.

"बाबा, ती कशाला?" दहावीतल्या मुलीने पायरीवरून विचारलं.

"गरम पाण्यात मीठ जास्त सुटतं."

"साखर सुटते. मिठाला फारसा फरक पडत नाही. शून्य अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, उकळत्यात ३९."

बादली मी गुपचूप गॅरेजच्या दाराशी ठेवली. मुलांना शिकवायला आपणच पैसे भरतो.

कारंजं झाडूच्या दांड्याने गाडीखाली ढकललं आणि नळ सोडला. आधी खालून नुसता टप टप आवाज. मग चारी बाजूंनी चहाच्या रंगाचं पाणी वाहू लागलं, त्यात वाळू, गंजाच्या खपल्या आणि कुठल्या तरी शरद ऋतूतलं एक अखंड पान. पाहून मला इतकं समाधान वाटलं की गाडी जरा पुढे घ्यावी, मागच्या भागालाही लाभ मिळावा, म्हणून आत बसून गिअर टाकला. पाणी थांबलं. उतरून नळ पाहिला, तो चालू. कारंजं वाकून पाहिलं, ते गप्प. नळी पुढच्या चाकाखाली होती, हे मला दिसलं तेव्हा मी जमिनीवर पालथा होतो आणि "बाबा, मागे घेते हं" असं ऐकू येत होतं.

"थांब!" म्हणून मी बाजूला लोळलो. तिने गाडी इंचभर मागे घेतली. नळी सुटली. तुंबलेलं सगळं पाणी कारंज्याच्या मुखातून आधी गाडीच्या पोटावर आणि तिथून, चार महिन्यांची खार घेऊन, माझ्या तोंडावर. चव खारट होती. म्हणजे काम होत होतं.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती गाळाने बुजली की दार आतून कुजतं. प्लॅस्टिकच्या काडीने एकेक मोकळं केलं. चौथ्यातून इतका चिखल आला की त्यात कोथिंबीर लावता आली असती. नंतर ब्रेक सुकावेत म्हणून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. चाकांतून खरखर ऐकून पोटात गोळा आला. पण तो डिस्कवर धरलेला गंजाचा पातळ थर होता, चार वेळा ब्रेक दाबल्यावर गेला.

परत आलो तेव्हा मी कपाळापासून टाचेपर्यंत तपकिरी होतो आणि गाडी खालून स्वच्छ. मुलगी शेजारच्या सीटवरून वाकून पायाशी काहीतरी पाहत होती. तिने रबरी मॅट उचलली. खालचा गालिचा ओला होता आणि त्यावर माझ्या बुटांच्या आकाराचे दोन पांढरे नकाशे उमटलेले.

"बाबा, वरूनही मुरतंय."

हिवाळाभर रोज मी स्वतः, बुटाला लावून, मीठ आत आणत होतो.

गॅरेजच्या दाराशी मघाची बादली तशीच होती. पाणी पार गार झालेलं. मी ती उचलली. तसाही फारसा फरक पडत नाही म्हणे.