ते पत्र लिंकनचं नाही

शिक्षक दिनाला मी ‘अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र’ हा मजकूर टाकला होता. तो काढलाय, चूक माझी. कितीतरी शाळांच्या भिंतींवर तो आहे, सुंदरही आहे. पण लिंकनच्या संकलित लेखनाच्या १९५३ साली निघालेल्या खंडांत असं पत्र नाही आणि मूळ प्रत कुणालाच सापडलेली नाही.

खरं पत्र वेगळंच आहे. लिंकनचा मुलगा रॉबर्ट, त्याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असलेल्या स्प्रिंगफील्डच्या या वकिलाने २२ जुलै १८६० रोजी त्याला धीर देणारं पत्र लिहिलं. स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचं! मला हे जास्त भिडतं.

जुना मजकूर लिंकनच्या नावाने कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.