मालकांचं उत्तर: इस्त्रीचं निमित्त मी काढलेलं नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी आमच्या जुन्या नोटांच्या दुकानात गर्दी होती, तुम्हाला आणि तुमच्या आईंना ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बसायची सोय वाढवायचं आमच्या डोक्यात आहेच.

पण तुम्ही लिहिलंय, 'आजोबांच्या शंभर रुपयांच्या ऐतिहासिक नोटेला साठ रुपये सांगितले, आणि दुसऱ्या चांगल्या नोटेवर इस्त्री फिरवलीय असा खोटा आरोप करून भाव पाडला. लुटारू दुकान.' साठ रुपयांवरून बोलणी खायची आम्हाला सवय आहे. इस्त्रीचं मात्र ऐकून घेणार नाही.

साठ रुपयांचं आधी उरकतो. ती शंभराची नोट आपल्या सरकारची नव्हेच. वर इंग्रजीत 'दि जपानीज गव्हर्नमेंट' छापलंय, ते मी तुम्हाला भिंगातून दाखवलं होतं. 1942 ते 44 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशात चालवायला या नोटा काढल्या, एका सेंटापासून शंभर रुपयांपर्यंत. नंबर नाही, तारीख नाही, नुसती अक्षरं. सुरुवातीचं 'बी' म्हणजे बर्मा, तसं 'एम' म्हणजे मलाया आणि 'पी' म्हणजे फिलिपिन्स. इंग्रज 1945 मध्ये परत आले आणि हा सगळा कागद रद्दी ठरला. मग आपल्या जवानांनी तो आठवण म्हणून घरी आणला. सातारा, कोल्हापूर, कोकण, जिथे जिथे घरात फौजी होता तिथल्या ट्रंकेत या नोटा निघतात, त्यामुळे बाजारात मुबलक आहेत. कोरी करकरीत असली तरी किरकोळीत काही शे रुपयांपुढे जात नाही. तुमच्या नोटेला मधोमध चीर होती. तुम्ही मोबाइलवर जो 'जुनी नोट विका, लाखो कमवा' व्हिडिओ दाखवलात, तसल्या लोकांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्या आजोबांच्या नोकरीची किंमत मी साठ रुपये केली, असं कृपा करून समजू नका.

आता ती दुसरी नोट. तिच्याबद्दल तुम्ही 'चांगली नोट' एवढंच लिहिलंत. ती काय होती ते वाचणाऱ्यांनाही कळू दे. सहाव्या जॉर्जची, रिझर्व्ह बँकेची दहा रुपयांची, आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा, लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली' असा छाप. 1945 मध्ये ब्रह्मदेश परत घेताना इंग्रजांनी आपल्याच नोटांवर हा छाप मारून त्या तिकडे चालवल्या. तुम्ही आणलेल्या नोटांच्या पुडक्यातली खरी चीज तीच, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं, मीच सांगितलं. लुटायचंच असतं तर मुकाट्याने सगळं पुडकं घाऊक भावात उचललं नसतं का?

आणि ती इस्त्री केलेलीच आहे. कशावरून म्हणता? नंबर दाबून छापलेला असतो, त्याचा उठाव नोटेच्या पाठीवर बोटाला लागतो. तुमच्या नोटेची पाठ गुळगुळीत. दिव्याखाली तिरकी धरली की घडी दिसत नाही, पण दिव्यावर आरपार धरली की तीच घडी फिकट रेघ होऊन उमटते, कारण तिथे कागदाचे तंतू तुटलेले असतात. इस्त्रीने घडी झाकते, तंतू सांधत नाहीत. वर कागदाला एक तुळतुळीत चकाकी आली होती आणि हातात धरल्यावर जुन्या कागदाचा कडकपणा नव्हता. म्हणून मी तिचा दर्जा एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन) न म्हणता त्याखालचा व्हीएफ (व्हेरी फाइन) म्हटला, तेही 'प्रेस्ड', म्हणजे दाबून सपाट केलेली, असा शेरा मारून. अमेरिकेत पीएमजीकडे, म्हणजे नोटा तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवलीत तरी ईपीक्यू, म्हणजे कागद उत्तम असल्याचा त्यांचा शेरा, मिळायचं नाही. नोट मूळ अवस्थेत असेल तरच ते मिळतं, आणि ईपीक्यू नसेल तर 70 पैकी 65 किंवा वरचा ग्रेड कोणालाच देत नाहीत. हा नियम मी केलेला नाही.

पुढचं लिहिणार नव्हतो, पण तुम्ही 'खोटा आरोप' हे शब्द वापरलेत म्हणून लिहितो. मी इस्त्री म्हटल्याबरोबर तुमच्या आईच म्हणाल्या, 'अहो, मीच फिरवली, चुरगळली होती म्हणून. खालीवर पंचा घालून, अगदी हलकी.' तुम्ही त्यांना 'आई, तू थांब जरा' म्हणालात. त्या माउलीने चांगल्या भावनेने केलं, आणि मीही तिथे त्यांना तसंच सांगितलं. त्यांना बोल लावायचा नाही. पण मी खोटं बोललो नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

नोट पाहण्याचे दोनशे घेतले, तेही तुम्ही लुटीत धरलेत. छाप अस्सल आहे की मागाहून मारलाय हे भिंगाखाली बघायला वेळ लागतो. नोट आम्ही घेतली असती तर ते दोनशे वळते झाले असते, हे काउंटरवर लिहिलेलं आहे. अक्षर बारीक असेल, मोठा बोर्ड करायचं बघतो.

हे दुकान वडिलांनी सुरू केलं. ऑनलाइन लिलावांमुळे आधीच गिऱ्हाईक कमी झालंय, त्यात नवा माणूस दुकानाचं नाव शोधतो तेव्हा सगळ्यात वर तुमचा 'लुटारू' दिसतो. पटलं तर तेवढा शब्द काढा, स्टार राहिला तरी चालेल.

नोट अजून विकली नसेल तर मी सांगितलेला भाव कायम आहे. बुधवारी सकाळी गर्दी नसते, आईंनाही घेऊन या. तोवर ती साध्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने कागद चिकटतो. पॉलिएस्टरचं पाकीट दुकानातून फुकट न्या. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, मग मलाही काही करता येणार नाही.

आपला,
दुकानमालक