एल्टन जॉन यांचे ते प्रेमगीत डायानासाठी लिहिलेले नव्हते

ब्रिटिश गायक एल्टन जॉन यांचे ‘समथिंग अबाउट द वे यू लुक टुनाइट’ हे प्रेमगीत राजकुमारी डायाना यांच्या निधनानंतर त्यांच्यासाठी रचले गेले आणि अंत्यसंस्कारात गायले गेले, असे सांगणारा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

६ सप्टेंबर १९९७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जॉन यांनी गायले ते ‘कँडल इन द विंड’. मेरिलिन मन्रो यांच्यावरील या १९७३ च्या गीताचे शब्द गीतकार बर्नी टॉपिन यांनी डायानासाठी नव्याने लिहिले होते. प्रेमगीत मात्र ‘द बिग पिक्चर’ या अल्बमसाठी डायाना यांच्या मृत्यूपूर्वीच ध्वनिमुद्रित झाले होते, आणि तो अल्बम जॉन यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये हत्या झालेले त्यांचे मित्र, फॅशन डिझायनर जियानी व्हर्साची यांना अर्पण केला होता.

गोंधळाचे मूळ एवढेच की दोन्ही गीते एकाच सिंगलवर (एक-दोन गीतांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकेवर), समान दर्जाच्या दोन बाजू म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या नोंदीत दोघांचीही नावे आहेत. त्या प्रचंड खपामागे प्रामुख्याने लोकांचा शोक होता, हे मान्य करावेच लागेल; पुढे ग्रॅमी मिळाले तेही ‘कँडल’च्याच गायनाला. तरीही पन्नाशीतल्या गायकाने संयत, भरदार आवाजात गायलेले हे प्रेमगीत शोकगीत म्हणून ऐकले जाणे, हा माझ्या मते त्या गीतावर अन्याय आहे.