शेवटचा क्रिंप डाय मागची चूक भरून काढत नाही

ओतीव शिशाच्या गोळ्या वापरून रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात पुढे जातो. '.३८ स्पेशल असो वा .३५७ मॅग्नम, चार कार्बाइड डायचा कोणताही संच घ्या. सगळे सारखेच असतात, आणि आधी काही चुकले तरी चौथा क्रिंप डाय ते सुधारून घेतो.' (.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची मापे. डाय म्हणजे पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी भागाला, आकार देणारा साचा, आणि कार्बाइड हा त्यातल्या रिंगचा अतिशय कठीण पदार्थ. चार डाय क्रमाने पुंगळी आवळतात, तिचे तोंड उघडतात, गोळी बसवतात आणि शेवटी क्रिंप करतात, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर आत वळवतात.) टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने यावर विसंबून संच घेतला आणि महिन्याभरात रिव्हॉल्व्हरच्या नळीत शिसे चिकटू लागल्यावर मला फोन केला. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे पुढील सर्व मजकूर त्याच्या तिथल्या टेबलाविषयी आहे. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत डाय-पंच बनवतो, आणि या सल्ल्यातली चूक मुळात डायचीच आहे.

'सगळे संच सारखे' हे विधान एक्स्पांडर प्लगपाशी, म्हणजे पुंगळीचे तोंड रुंदावणाऱ्या दांड्यापाशी, कोसळते. .३८ आणि .३५७ साठी तांब्याचे कवच असलेली गोळी साधारण ०.३५७ इंचाची, तर ओतीव गोळी बहुधा ०.३५८ इंचाची असते. बरेच प्लग कवचाच्या गोळीचा विचार करून बारीक ठेवलेले असतात. कार्बाइडच्या रिंगने आवळलेली पितळी पुंगळी अशा प्लगने पुरेशी उघडत नाही, आणि तिच्यात शिशाची गोळी दाबली की पुंगळी फुगण्याऐवजी गोळीचा बूडच चेपला जातो, कारण पितळापुढे शिशाचा मिश्रधातू फारच मऊ आहे. व्हिडिओ कॉलवर भाच्याने एक काडतूस उघडून गोळी बाहेर काढली आणि मायक्रोमीटर लावला: भरण्यापूर्वी ०.३५८ असलेली गोळी बुडाशी ०.३५६ भरली. नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे पिळदार खाचांच्या, तळाशी व्यास ०.३५७ असताना अशा गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे झिजवतो आणि ते नळीत थापतो. शिसे चिकटले की गोळी फार मऊ होती असे म्हणून आणखी कठीण मिश्रधातू ओतण्याची घाई केली जाते. माझ्या मते आधी व्यास मोजावा.

लायमनच्या एम डायसारखा दोन पायऱ्यांचा प्लग इथे उपयोगी पडतो. त्याचा लांब भाग गोळीहून किंचित बारीक आणि वरची आखूड पायरी किंचित जाड असते, त्यामुळे गोळी हाताने सरळ उभी राहते आणि तिची कड खरवडली जात नाही.

आता चौथ्या डायकडे येऊ. अनेक संचांत या डायच्या तळाशीही कार्बाइडची रिंग असते, आणि ती भरलेले काडतूस बाहेरून पुन्हा आवळते. कवचाच्या गोळीला हे सहसा बाधत नाही आणि काडतूस रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये अडकत नाही, हा फायदा खरा आहे. पण जाड ओतीव गोळीवर रिंग दाब देते तेव्हा पितळ आणि शिसे दोन्ही आत जातात. दाब सुटताच पितळ थोडे परत उसळते, शिसे मात्र जवळजवळ नाहीच. पत्र्याच्या कामात या उसळीचा हिशेब आम्ही रोज करतो. परिणाम असा की गोळी बारीकही होते आणि पुंगळीतली तिची पकडही सैल पडते, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सैल गोळी धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर फिरणे थांबवू शकते. म्हणजे ज्याला दुरुस्ती म्हटले जाते तेच इथे नवे बिघाडाचे कारण ठरते.

कार्बाइडमुळे सरळ पुंगळीला तेल लावावे लागत नाही, एवढा भाग बरोबर आहे. गोळीच्या खाचेत वंगण म्हणून भरलेले मेण हा मात्र वेगळा विषय आहे: ते गोळी बसवणाऱ्या दांड्यावर साचत जाते, गोळी ठरल्यापेक्षा खोल बसते आणि झाडताना काडतुसातला दाब वाढतो, म्हणून तो डाय वरचेवर पुसावा लागतो.

भाच्याने चौथा डाय बाजूला ठेवला, दोन पायऱ्यांचा प्लग घेतला आणि गोळी बसवणे व क्रिंप हे दोन वेगळे टप्पे केले, कारण एकाच फटक्यात दोन्ही केल्यास पुंगळीची कड आत वळत असताना गोळी अजून खाली जात असते आणि शिसे सोलले जाते. नंतर उघडलेल्या काडतुसातली गोळी बुडाशी ०.३५८ भरली.